गाडीतील स्टिरिओ आणि आपले कान

हौसेने भारी किमतीचा स्टिरिओ डेक गाडीत बसवून घेणारे पुष्कळ आहेत. स्वच्छ आवाजाची आवड असण्यात गैर काहीच नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साध्या डेकचा आवाज वाढवला की तो फाटतो, कानाला टोचतो आणि आपण आपोआप कमी करतो. उंची डेकचा आवाज सहसा फाटत नाही. त्यामुळे तो किती मोठा झाला, हे कळतच नाही.

८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो, असे मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटे! अंतर्कर्णातील नाजूक केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

एक सोपी परीक्षा करा. रात्री घरी पोचल्यावर इंजिन बंद करून, पुरेसा वाटेल इतकाच आवाज लावा. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तेवढाच लावून पाहा. तो फार मोठा वाटला, तर रात्री कान बधिरले होते असे समजावे. शेजारच्याशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज कमी करावा. कानात सतत गुणगुण होत असल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. डेक बदलता येतो, कान नाही.