दूधपोळी बंद केली तेव्हा

माझा धाकटा भाऊ स्वमग्न आहे. तो अकरा वर्षांचा असताना त्याची दूधपोळी बंद झाली, ती माझ्यामुळे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, सांगलीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच, त्यामुळे मी इंटरनेटवर वाचून सांगेन ते आईबाबांना खरं वाटायचं. गहू आणि दूध बंद केल्यावर मुलगा बोलायला लागला, असं परदेशातल्या एका आईने लिहिलं होतं. ते मी छापून आणलं आणि रात्री जेवणं झाल्यावर आईला मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिने दूधवाल्याला निम्मंच दूध टाकायला सांगितलं.

भाऊ मोजून पाच पदार्थ खायचा. दूधपोळी, वरणभात, पार्ले-जी, केळं आणि आईच्या हातचा शिरा. त्यातले तीन एका दिवसात गेले. ज्वारीची भाकरी तो तोंडालाही लावेना. पाच महिन्यांत त्याचं वजन चार किलोंनी उतरलं आणि आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मला समोर बसवून विचारलं, ‘हे कुणाच्या सल्ल्याने चाललंय?’

त्या पाच महिन्यांत मी एक वही ठेवली होती. ती अजून माझ्याकडे आहे. जूनमध्ये त्याने ‘दे’ आणि ‘चल’ हे दोन शब्द उच्चारले, तेव्हा मी लिहिलं, ‘आहाराचा परिणाम दिसतोय.’ त्याच जूनमध्ये त्याच्या शाळेत नव्या बाई आल्या होत्या आणि त्या चित्रांची कार्डं वापरून रोज त्याच्याकडून मागून घेण्याचा सराव करून घेत होत्या, हे वहीत कुठेच नाही. ऑगस्टमध्ये तो फ्रिजवर डोकं आपटायला लागला. तेव्हा मी लिहिलं, ‘चिडचिड वाढली, म्हणजे शरीर शुद्ध होतंय.’ त्या लेखात तसंच म्हटलं होतं. सुधारणा झाली तरी उपचार लागू पडला आणि त्रास वाढला तरी उपचार लागू पडला, असा तो हिशोब होता. आमचं ऐकून नात्यातल्या एका घराने आणि शाळेतल्या एका पालकांनी आपापल्या मुलांचं दूध तोडलं. याची टोचणी मला आजही आहे.

पुढे मानसशास्त्रात एम.ए. करताना मी ‘असोसिएशन फॉर सायन्स इन ऑटिझम ट्रीटमेंट’ या अमेरिकेतल्या ना-नफा संस्थेची एक्स्टर्न झाले. पालक आणि व्यावसायिकांनी मिळून १९९८ साली ही संस्था सुरू केली. कोणत्या उपचारामागे किती पुरावा आहे ते लोकांना सोप्या भाषेत सांगणं, हे तिचं काम. एक्स्टर्न म्हणजे घरी बसून, दुरून, विनामोबदला काम करणारा स्वयंसेवक. मूळ अभ्यास वाचायचे, त्यांचे सारांश करायचे, बातम्यांमध्ये चुकीचे दावे आले की संपादकांना पत्रांचे मसुदे लिहायचे. त्यांची संध्याकाळ म्हणजे माझी पहाट. साडेपाचला चहाचा कप घेऊन मी लॅपटॉपसमोर बसायची आणि पलीकडे आईची कपबशांची आवराआवर चालू असायची.

तिथे शिकलेलं सगळं इथे सांगत बसत नाही. झालेल्या दोन चुका सांगते, कारण या कामात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत त्या आहेत.

पहिली चूक शब्दांची. हवेचा दाब वाढवलेल्या पेटीत मुलाला ऑक्सिजन देऊन स्वमग्नता बरी होते, अशा एका बातमीला मी उत्तर लिहिलं, ‘ही पद्धत घातक असल्याचं सिद्ध झालं आहे.’ मसुदा तपासणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘कुठे सिद्ध झालं?’ मी शोधायला बसले. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात निकषांत बसणारी एकच चाचणी सापडली होती, ६० मुलांची. स्वमग्नतेच्या लक्षणांत फायदा दिसला नव्हता आणि काही मुलांच्या कानांना दाबामुळे इजा झाली होती. म्हणजे खरं वाक्य असं होतं, ‘फायदा होतो असं दाखवणारा पुरावा नाही, आणि धोका शून्य नाही.’ माझं वाक्य त्याहून जोरदार होतं, पण खोटं होतं. एकोणिसाव्या वर्षी मी पुराव्यापेक्षा मोठं बोलले होते आणि विज्ञानाच्या बाजूने उभी राहूनही तेच करत होते. तेव्हापासून ‘फायदा होत नाही असं दिसलं’, ‘अजून नीट तपासलेलंच नाही’ आणि ‘अपाय होतो असं दिसलं’ ही तीन वाक्यं मी वेगवेगळी ठेवते. तुम्हीही ठेवा. तुमचं एक वाक्य फुगलेलं निघालं की समोरच्याला तुमची बाकीची नऊ झटकून टाकायला निमित्त मिळतं.

दुसरी चूक जास्त मोठी. कोल्हापूरकडच्या एका आईने ओळखीतून माझा नंबर मिळवून फोन केला. साडेचार वर्षांचा मुलगा, स्टेम सेल उपचारासाठी तारीख ठरलेली, दागिने गहाण ठेवून झालेले. मी चाळीस मिनिटं बोलले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगितली, मान्यताप्राप्त चाचणीबाहेर स्टेम सेल वापरणं त्यांत बसत नाही हे सांगितलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी हा उपचार करू नये असं म्हटलंय, तेही सांगितलं. प्रत्येक शब्द बरोबर होता. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘बरं ताई. मग आता मी काय करू?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘चांगला थेरपिस्ट शोधा,’ म्हणाले. त्यांच्या गावापासून सगळ्यात जवळचा थेरपिस्ट दोन तासांवर होता, हे मला ठाऊकही नव्हतं. त्या ठरल्या तारखेला गेल्या. मुलामध्ये फरक पडला नाही, हे मला वर्षभराने कळलं. त्यांच्यावर माझा काडीचाही राग नाही.

या आईचा फोन येण्याआधी मी सिक्रेटिनचा अभ्यास वाचला होता, पण तो मला त्या फोननंतर उमगला. पचनसंस्थेतलं हे संप्रेरक दिल्यावर एक मुलगा बोलायला लागला, या बातमीने नव्वदीच्या दशकात अमेरिकेत हजारो पालक त्याच्यामागे लागले. १९९९ साली ६० मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्या मुलांना सिक्रेटिन, निम्म्यांना मिठाचं पाणी, आणि कुणाला काय दिलं ते पालकांना माहीत नाही. दोन्ही गटांतल्या मुलांमध्ये सारखीच सुधारणा दिसली. मिठाच्या पाण्यानेसुद्धा! पण हा निकाल समजल्यावरही ६९ टक्के पालकांना सिक्रेटिनमध्ये रस उरलाच होता. पहिल्यांदा वाचताना मी मनात म्हटलं होतं, लोक ऐकत का नाहीत? आता वाटतं, त्यांच्या हातातली एक गोष्ट काढून घेताना दुसरी कुणी दिली होती का?

म्हणून स्वयंसेवक व्हायचं असेल त्यांना माझं पहिलं सांगणं हे की ‘हे करू नका’ म्हणण्याआधी ‘सोमवारी सकाळपासून हे करता येईल’ याची तयारी करा. आणि ते दिल्ली-मुंबईचं नको, त्या घरातून जमेल असं हवं. मला याचं उत्तर गोव्यात सापडलं. ‘संगाथ’ ही संस्था आणि तिचे सहकारी यांनी गोव्यात आणि तिकडे पाकिस्तानात रावळपिंडीत मिळून एक चाचणी केली, ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. ६५ मुलं. काम करणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. सहा महिन्यांत बारा बैठका. आई किंवा बाबा मुलाशी खेळतात त्याचं चित्रीकरण करायचं आणि मग त्यांच्यासोबत बसून बघायचं, मुलाने कुठे काही सुरू केलं, आपण कुठे त्याच्या मागे गेलो, कुठे आपलंच पुढे रेटलं. पालकांचं मुलाशी जुळवून घेणं वाढलं आणि मुलंही आपणहून पालकांकडे वळायला लागली. स्वमग्नता ‘बरी’ झाली असा दावा कुणी केला नाही. त्यामुळेच माझा त्या अभ्यासावर विश्वास बसला.

आता एक अवघड गोष्ट. ‘विज्ञानाधारित’ ही आता पाटीही झाली आहे. वर्तन-प्रशिक्षणाबद्दलचा मानसशास्त्रज्ञ लोवास यांचा १९८७ चा अभ्यास सगळीकडे दाखवला जातो. १९ मुलांना आठवड्याला ४० तास प्रशिक्षण, त्यातली ९ सर्वसामान्य वर्गात पोहोचली. पण मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक नव्हती, आणि त्या पद्धतीत तेव्हा मांडीवर चापटही मारली जायची. हे कुणी सांगत नाही. आज मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्ती स्वतःच्या बालपणाच्या थेरपीबद्दल जे बोलतात, तेही वाचल्याशिवाय या कामात येऊ नका. हात फडफडवणं थांबवणं हे माझ्या मते उद्दिष्टच नाही. मुलाला दुखतंय ते सांगता येणं, नको म्हणता येणं, संडासला जाता येणं, ही उद्दिष्टं. थेरपी सेंटरमध्ये पहिल्या दिवशीच विचारा, तीन महिन्यांत नेमकं काय बदलायला हवं आणि ते मोजणार कसं? नाही बदललं तर काय करणार? विशेष शिक्षकाचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. मागताना संकोच वाटतो, मला माहीत आहे. तरी मागा. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतच्या विमा संरक्षणात थेरपीचा खर्चही बसतो, हे बऱ्याच घरांना ठाऊक नसतं.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. औषध, शाळा, आहार सगळं एका महिन्यात बदललं तर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. माझी वही त्याची साक्ष आहे.

एक्स्टर्न असताना मी कार आणि डुरंड यांचा १९८५ चा अभ्यास वाचला. मुलं डोकं आपटतात, चावतात, तेव्हा ती बहुतेकदा काहीतरी सांगत असतात. तीच गोष्ट मागण्याची सोपी रीत शिकवली की आपटणं कमी होतं. पहाटेची वेळ होती. मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हटलं, ‘आई, तो फ्रिजवर डोकं आपटायचा ना, तो दूध मागत होता गं.’ ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. बराच वेळ वळली नाही.

गेल्या महिन्यात जतहून एका बाबांचा फोन आला. मुलगा तीन वर्षांचा, निदान नुकतंच झालेलं, आवाजात घाई. ‘मॅडम, कोणता उपचार सगळ्यात चांगला?’ पूर्वी मी अभ्यासांची यादी सुरू केली असती. या वेळी विचारलं, ‘त्याला तहान लागली की तो काय करतो?’

ते थांबले. मग म्हणाले, ‘माझं बोट धरतो आणि माठापाशी नेतो.’

‘माठापाशी पोहोचल्यावर तुम्ही काय करता?’

‘पाणी देतो.’

‘लगेच?’

‘हो, लगेच.’

‘उद्या दोन श्वास थांबून बघा,’ मी म्हटलं. ‘तो तुमच्याकडे बघतो का, आवाज काढतो का, तेवढंच बघायचं. पाणी मात्र द्यायचंच. आणि शनिवारी मला फोन करा.’