खारपाण पट्ट्यातील शेतवार नकाशा : संगणकीय वहीचा उपयोग

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाण पट्टा वऱ्हाडातील कास्तकारांस परिचित आहे. भूगर्भातील पाणी खारे, जमीन काळी, खोल व चिकण, आणि तीत सोडियम अधिक. त्यामुळे पाणी मुरत नाही व साचलेले लवकर निघत नाही. परंतु एकाच शिवारातील दोन शेजारच्या गटांची अवस्था सारखी नसते. जिप्सम कोणत्या शेतास द्यावयाचे हे गावाच्या सरासरीवरून ठरविल्यास खरा गरजू कास्तकार वगळला जातो. याकरिता शेतवार नकाशा हवा, आणि तो आता ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यासही तयार करता येतो.

यासाठी लागणारे साधन म्हणजे पायथन भाषेतील नोटबुक, अर्थात संगणकीय वही. गूगल कोलॅबसारख्या सेवेत ही वही आंतरजालावर उघडते. आकडेमोड दूरच्या शक्तिमान यंत्रावर होते व आपल्या कचेरीतील साध्या संगणकावर केवळ उत्तर दिसते. वहीत एकाखाली एक खण असतात. एका खणात आज्ञा लिहावी, तिच्या खाली उत्तर अथवा नकाशा उमटतो, व मध्ये मराठीत टिपणेही लिहिता येतात. मोजणीदार केवळ क्षेत्रफळ न लिहिता साखळीची मापेही नोंदवितो, त्याप्रमाणे येथे हिशेबाची प्रत्येक पायरी शिल्लक राहते. वरिष्ठांस अथवा कास्तकारास शंका आल्यास ती पुन्हा तपासता येते. आमच्या मते या वहीचा सर्वांत मोठा गुण हाच होय.

पिकाची माहिती युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमांतून विनामूल्य मिळते. या मालिकेतील पहिला उपग्रह २०१५ साली सोडण्यात आला. प्रतिमेतील एक चौकोन १० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटर, अर्थात जवळजवळ एक गुंठा भरतो. एक एकर शेतात सुमारे ४० चौकोन येतात. परंतु त्यांतील निम्म्याहून अधिक धुऱ्यास लागून असतात व त्यांत शेजाऱ्याचे पीक मिसळते. म्हणून शेताची सीमा चहूबाजूंनी १० मीटर आत घ्यावी. चौरस आकाराच्या एकरात तरीही सुमारे १९ चौकोन उरतात, व तेवढे पुरेसे होतात. अरुंद पट्टीच्या शेतास मात्र ही रीत लागू पडत नाही.

हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते व डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवून लावते. अवरक्तातून तांबडा वजा करून दोहोंच्या बेरजेने भागल्यास हरितांक मिळतो. समजा, अवरक्त ०.४० व तांबडा ०.०८ आहे, तर ०.३२ भागिले ०.४८, म्हणजे ०.६७. हे भरघोस पीक. उघड्या जमिनीत ०.२२ व ०.१७ असल्यास उत्तर केवळ ०.१३ येते. पावसाळ्यात आभाळ भरलेले असते, म्हणून ढगाळ चौकोन गाळावेत व सप्टेंबरअखेरीपासूनच्या निरभ्र प्रतिमा निवडाव्यात. आणखी एक सावधगिरी अशी की, २५ जानेवारी २०२२ पासून मूळ प्रतिमांतील आकड्यांत १००० मिळविलेले असतात. ते वजा केल्यावाचून २०२१ व २०२३ या वर्षांची तुलना करू नये. काही भांडारांत ही दुरुस्ती आधीच केलेली असते, ते पाहून घ्यावे.

शेताची सीमा मोबाईलवर धुऱ्याने फिरून घेता येते. ती अक्षांश-रेखांशांत मिळते. अंशांत क्षेत्रफळ काढता येत नाही, म्हणून प्रथम तिचे मीटरमध्ये रूपांतर करावे. अकोला, दर्यापूर व भातकुली हा भाग विभाग ४३ मध्ये मोडतो. ७८ अंश रेखांशापलीकडील वरूड ४४ मध्ये जाते. हे क्रमांक अदलाबदल झाल्यास वरूडचा संत्र्याचा बगीचा सहा अंश पश्चिमेस, थेट खंबायतच्या आखाताच्या काठी जाऊन बसतो! इतकी मोठी चूक डोळ्यांस दिसते, हे बरेच. लहान चुका दिसत नाहीत.

हरितांक कमी दिसला म्हणजे जमीन चोपण, असे मात्र मुळीच समजू नये. उशिरा पेरलेली कपाशी, पाणी साचून पिवळी पडलेली तूर आणि मूग काढून हरभऱ्यासाठी मोकळे ठेवलेले शेत, ही सर्व नकाशावर सारखीच फिकी दिसतात. याकरिता किमान तीन वर्षांच्या प्रतिमा पाहाव्यात. प्रतिवर्षी फिके राहणारे गट वेगळे काढावेत व त्या ठिकाणी स्वतः जाऊन पेरणीची तारीख, पीक व पाण्याचा निचरा यांविषयी कास्तकारास विचारावे. नंतर मातीचा नमुना घेऊन सामू व विनिमययोग्य सोडियम तपासून घ्यावे. जिप्समची मात्रा या तपासणीवरूनच ठरते, नकाशावरून नाही. नकाशाने एवढेच साधते की, नमुना कोठून घ्यावयाचा हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. तुलनेसाठी हिरव्या दिसणाऱ्या काही गटांतूनही नमुने घ्यावेत. हे काम बहुधा टाळले जाते.

नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पात मुंबईच्या आय.आय.टी.ने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी पायथनमध्येच साधन तयार केले होते. तेव्हा ही भाषा कृषिखात्यास अगदी परकी राहिलेली नाही.

वही काही काळ न वापरल्यास दूरचे यंत्र बंद होते व त्यावरील तात्पुरत्या फायली नाहीशा होतात. म्हणून काम संपताच त्या आपल्या साठ्यात ठेवाव्यात. सातबाऱ्यावरील नावे, आधार अथवा बँकेचे क्रमांक वहीत चढवू नयेत. केवळ गटक्रमांक द्यावा. तयार नकाशावर प्रतिमेची तारीख व किती शेतांची प्रत्यक्ष पाहणी झाली ती संख्या लिहावी, आणि तो ग्रामसभेत लावून कास्तकारांच्या हरकती त्याच वहीत नोंदवाव्यात.