अंगाने बारीक, मग कंबर मोजायची कशाला?

"माझं वजन तर बरोबर आहे, मला काय होतंय?" वस्तीत तपासणीला बसलो की विशी-पंचविशीतल्या मुलामुलींकडून आम्ही हे नेहमी ऐकतो. पण काटा हाडे, स्नायू, पाणी, चरबी या सगळ्यांचे मिळून वजन दाखवतो. त्यात चरबी किती, हे तो सांगत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे उदाहरण पाहा. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. यंत्राने चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली! २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आले. आपल्याकडे स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त, अशी शरीरे पुष्कळ. हीच चरबी मधुमेह आणि हृदयविकाराला वाट करून देते.

कंबर कशी मोजावी?

१. सकाळी, काही खाण्याआधी सरळ उभे राहा. पोट आत ओढू नका.
२. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर टेप लावा. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे.
३. श्वास सोडल्यावर आकडा वाचा.

पुरुषाची कंबर ९० सेंमी किंवा अधिक, बाईची ८० किंवा अधिक, तर धोका समजावा. शिवाय कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. टेप नसेल तर उंचीएवढी दोरी घ्या, दुमडून निम्मी करा आणि कमरेभोवती गुंडाळा. टोके जुळली नाहीत तर कंबर जास्त आहे.

चरबीचा अंदाज

उंची भागिले कंबर, गुणिले २०. आलेला आकडा पुरुषाने ६४ मधून, बाईने ७६ मधून वजा करावा.

समजा, मुलगा १६५ सेंमी उंच, वजन ६० किलो, कंबर ८८. बीएमआय २२, म्हणजे ठीक. पण १६५ ÷ ८८ = १.८७५; गुणिले २० = ३७.५, ६४ − ३७.५ = २६.५ टक्के. पुरुषात २५ आणि बाईत ३० टक्क्यांच्या वर चरबी जास्त धरतात. याची कंबर ९० च्या आत असली तरी उंचीच्या निम्म्याहून, म्हणजे ८२.५ हून, मोठी आहे.

हे सूत्र अमेरिकेतल्या प्रौढांवरून बांधलेले आहे, म्हणून उत्तर अंदाजच समजावे. गरोदर बाया, पोटाला सूज असलेले आणि १८ वर्षांखालील मुले यांना ते लावू नये.

आकडा जास्त आला तर?

उपाशी राहू नका, त्याने स्नायूही झिजतात. गोड चहा, थंड पेये, तळलेले कमी करा. डाळ, उसळ, अंडी वाढवा. रोज अर्धा तास भरभर चाला, उठाबशा काढा. सरकारी आरोग्य केंद्राची मधुमेहाची नेमाची तपासणी तिशीपासून सुरू होते. पंचविशीतल्यांना कोणी बोलावणार नाही, आपणच जाऊन साखर आणि रक्तदाब तपासून घ्यायचा.

आणि मोजताना कोणाच्या पोटावरून हसू नका. हसलो, तर ते पोरगं पुन्हा टेपजवळ यायचं नाही.