जुलाब थांबले, मग पाय का लुळे पडले?

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात ‘जीबीएस’चे रुग्ण एकाएकी वाढले. तेव्हापासून दवाखान्यात मला हमखास विचारले जाते, “डॉक्टर, जुलाबाने पाय जातात का हो?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आज पाहू.

जीबीएस म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम. वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्यालाच होणारा हा आजार. पायांना मुंग्या येतात, ताकद जाते आणि कमजोरी वर हातांकडे, छातीकडे सरकते. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. बिघाड असतो तो स्नायूंकडे जाणाऱ्या नसांमध्ये. अनेकांना एक ते तीन आठवडे आधी जुलाब झालेले असतात.

पोटाचा आणि नसांचा संबंध काय? हे कोडे सोडवण्यात जपानचे डॉ. नोबुहिरो युकी यांचा मोठा वाटा आहे. १९९० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह अशा दोन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. दोघांनाही आधी ‘कॅम्पिलोबॅक्टर’ या जंतूमुळे जुलाब झाले होते. दोघांच्या रक्तात ‘जीएम-१’ या पदार्थाविरुद्ध अँटिबॉडीज, म्हणजे प्रतिपिंडे, होती. पण जीएम-१ हा तर आपल्याच नसांचा घटक! शरीर आपल्याच नसांवर का उलटले? १९९३ मध्ये उलगडा झाला. जंतूच्या बाहेरच्या आवरणातील साखरेची साखळी जीएम-१ सारखीच निघाली.

आतड्याच्या भिंतीत रोगप्रतिकारक पेशींचा मोठा पहारा असतो. अन्नपाण्यातून आलेला जंतू ओळखून शरीर प्रतिपिंडे तयार करते. जंतू मरतो, जुलाब थांबतात. पण क्वचित तीच प्रतिपिंडे रक्तातून नसांपर्यंत पोचतात आणि सारखेपणाला फसून नसांवर हल्ला करतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी! २००४ मध्ये युकी व सहकाऱ्यांनी जंतूच्या आवरणातील हा पदार्थ सशांना टोचला. सशांचे पाय लुळे पडले आणि कार्यकारणभाव सिद्ध झाला.

पुण्यातही काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हाच जंतू सापडला. मात्र घाबरू नये. या जंतूची लागण झालेल्या सुमारे हजारात एखाद्यालाच जीबीएस होतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

उपचार आहेत. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणे किंवा रक्तातील प्लाझ्मा बदलणे, दोन्ही गुणकारी आहेत. पण पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केल्यास फायदा अधिक. एकट्या स्टिरॉइडचा उपयोग होत नाही. बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात, त्यास महिने लागू शकतात.

एवढे लक्षात ठेवा :

१) जुलाबानंतर अंग गळते, ते दिवसागणिक सुधारते. उलट उकिडवे बसून उठता येईना, जिना चढवेना, पायातली चप्पल निसटू लागली आणि त्रास वाढतच चालला, तर “अशक्तपणा आहे, सलाईन लावा” म्हणत थांबू नका. “वारे गेले” म्हणून अंगारे-धुपारेही नकोत.

२) गिळताना ठसका लागणे, दम लागणे ही धोक्याची घंटा. व्हेंटिलेटर असलेले रुग्णालय तत्काळ गाठा.

३) पाणी उकळून प्या. विहिरीत, टाकीत टीसीएल वेळेवर पडते का, ते ग्रामपंचायतीत विचारा.

४) हा जंतू कोंबड्यांच्या आतड्यात असतो. चिकन पूर्ण शिजवा. कच्च्या चिकनची सुरी, पाट धुतल्याशिवाय त्यावर कोशिंबीर चिरू नका.