कोरकूंचे स्थलांतर

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या रांगांत, मेळघाट हा अरण्यप्रदेश आहे. येथे कोरकू लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यांची भाषा मुंडा कुळातील आहे. समोरासमोर घरांच्या दोन ओळी व मधून रस्ता, अशी त्यांच्या गावाची रचना असते. मृतांच्या स्मरणार्थ ते कोरीव सागवानी खांब उभारतात.

१९७४ साली येथे व्याघ्रप्रकल्प स्थापन झाला. वाघास निर्वेध अरण्य हवे, म्हणून पुढे कोहा, कुंड, बोरी इत्यादी गावे उठवून अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात वसविण्यात आली. २००८ साली दर कुटुंबास १० लाख रुपये देण्याची तरतूद झाली होती. कागदोपत्री हे स्थलांतर स्वेच्छेचे होते. परंतु मोहाची फुले, ओळखीचे ओढे व पूर्वजांचे खांब गाडीत घालून नेता येत नाहीत. आश्वासने पुरी झाली नाहीत, असे सांगत २०१९ साली काही कुटुंबे रानात परतली. तेव्हा वनरक्षकांशी त्यांची झटापट झाली.

मुलांनो, वाघ जगलाच पाहिजे. पण त्याच्यासाठी ज्यांनी आपला गाव सोडला, त्यांचे ऋण कोणी फेडावे?

स्वाध्याय
१. कोरकूंच्या गावाची रचना कशी असते?
२. काही कुटुंबे रानात का परतली?