अमेरिकेत नातलगाच्या घरी इजा झाली तर : घराच्या विम्याची भरपाई



या पानावर एरवी बेणे, लागण, खोडवा हेच विषय असतात. यावेळी जरा वेगळा विषय घेतला आहे. आपल्या कार्यक्षेत्रातील बऱ्याच घरांतली मुलं, भाचे, पुतणे अमेरिकेत नोकरीला आहेत. तोडणी आटोपली, ऊसबिल जमा झाले की वडीलधारी मंडळी चार-सहा महिने तिकडे जाऊन येतात. तिकडे घरात लाकडी जिने, हिवाळ्यात दारात बर्फ. पाय घसरून खुबा मोडला तर तिथल्या दवाखान्याचे बिल आपल्या एकरभर ऊसाच्या पैशात भागत नाही.

तिकडे कर्जावर घर घेतले की बँक घराचा विमा उतरवायला लावते. आपल्याला वाटते, विमा म्हणजे आग, वादळ, चोरी. पण त्याच पॉलिसीत दोन कलमे आणखी असतात. पहिले जबाबदारीचे. घरमालकाच्या हयगयीमुळे आलेल्या माणसाला इजा झाली तर कंपनी भरपाई देते. मर्यादा बहुधा १ लाख डॉलरपासून पुढे. दुसरे औषधोपचाराचे. रक्कम लहान, साधारण १ ते ५ हजार डॉलर, पण चूक कोणाची हे त्यात पाहत नाहीत. अपघातापासून ३ वर्षांच्या आतला खर्च त्यात धरतात.

खरी मेख पुढे आहे. त्या घरात कायम राहणारा नातलग हा पॉलिसीच्या दृष्टीने घरचाच माणूस. त्याला ही दोन्ही कलमे लागू नाहीत. म्हणजे महिन्याभरासाठी आलेली मावशी पाहुणी. पण मुलाकडे कायमचे राहायला गेलेले आई-वडील पाहुणे नव्हेत. म्हणून परतीचे तिकीट, व्हिसा हे कागद जपून ठेवावेत.

भरपाई मागायची म्हणजे भाच्यावर, पुतण्यावर दावा का? हा प्रश्न सगळ्यांनाच टोचतो. २०१५ साली कनेक्टिकट राज्यात असा एक खटला गाजला. ८ वर्षांच्या भाच्याने वाढदिवसाला धावत येऊन मावशीला मिठी मारली, मावशी पडली, मनगट मोडले. तिने १ लाख २७ हजार डॉलर मागितले. वर्तमानपत्रांनी तिला भलतेच झोडपले. पण वकिलांचे म्हणणे असे, की तिथल्या कायद्याने विमा कंपनीचे नाव दाव्यात घालता येत नाही, माणसाचेच घालावे लागते. आणि कंपनीने देऊ केला होता अवघा १ डॉलर! पंचांनी अर्ध्या तासाच्या आतच मावशीविरुद्ध निकाल दिला. आठ वर्षांच्या पोराने प्रेमाने मिठी मारली, यात हयगय कसली? माझ्या मते पंचांचे बरोबरच होते, पण मावशीला शिव्या घालणाऱ्यांनी कायदा वाचला नव्हता.

तेव्हा नुसते पडणे पुरत नाही, हयगय दाखवावी लागते. कठडा हलतोय हे माहीत असून दुरुस्त केला नाही, जिन्यातला दिवा महिनाभर बंद, अशी गोष्ट हवी. पडल्याबरोबर त्या जागेचा फोटो काढावा, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवून ‘कुठे, कसे पडलो’ ते केसपेपरवर लिहून घ्यावे. घरमालकाने कंपनीला लगेच कळवावे. उशीर झाला की तिथेच तंटा सुरू होतो. झाले तेच सांगावे. वाढवून सांगितलेल्या गोष्टीने पोराचीच पॉलिसी अडचणीत येते. कंपनीचा माणूस लवकर येऊन थोडे पैसे देऊ करतो आणि ‘पुढे काही मागणार नाही’ अशा कागदावर सही मागतो. उपचार पुरे होईपर्यंत ती सही करू नये. दाव्याची मुदत राज्याराज्यांत वेगळी; कनेक्टिकटमध्ये हयगयीच्या दाव्याला २ वर्षे. रक्कम मोठी असेल तर तिथलाच वकील गाठावा.

पोरगा भाड्याच्या घरात असेल तर भाडेकरूचाही असा विमा मिळतो. त्याने तो घेतलाय का, हे इथूनच फोनवर विचारून घ्यावे. आणि निघण्यापूर्वी प्रवासाचा आरोग्य विमा उतरवावाच. त्यात जुनी दुखणी धरली आहेत की वगळली आहेत, एवढी ओळ एजंटाकडून दाखवून घ्यावी.

– ऊस विकास अधिकारी