विममधून बाहेर न पडता फाइल नीट मांडता येईल?

प्रश्न : मी विम वापरते. सर्व्हरकडून येणारी जेसॉन फाइल एकाच लांबलचक ओळीत असते आणि तिच्यात गावांची नावे देवनागरीत असतात. एडिटर बंद न करता ती सुटसुटीत करता येईल का?

उत्तर : येईल, आणि त्यासाठी प्लगइनही लागत नाही. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलेत लिहिलेल्या व्हीआय या विमच्या पूर्वजापासूनच ही सोय आहे. मजकूर बाहेरच्या प्रोग्रामकडे जातो आणि त्याच्या जागी प्रोग्रामचे उत्तर येते. यालाच फिल्टर म्हणतात.

विसर्गचिन्हासारखा कोलन, टक्क्याचे चिन्ह, उद्गारचिन्ह आणि लगेच 'जेक्यू', मग एक जागा सोडून टिंब, एवढे टाइप करून एंटर दाबा. टक्का म्हणजे संपूर्ण फाइल. जेक्यू हा जेसॉन मांडणारा बाहेरचा प्रोग्राम मात्र संगणकावर आधी बसवलेला हवा. पायथॉनचे जेसॉन-टूलही हेच काम करते, पण नेहमीच्या वापरात ते 'सातारा'चे यू-कोड करून टाकते. मराठी मजकुरासाठी मी जेक्यूच सुचवेन.

फक्त एका परिच्छेदातली यादी अकारविल्हे लावायची असेल तर नॉर्मल मोडमध्ये उद्गारचिन्ह, आय, पी दाबा आणि 'सॉर्ट' लिहून एंटर करा. पुढच्या परिच्छेदात जाऊन नुसते टिंब दाबले की तोच फिल्टर पुन्हा चालतो. ही एक कळ बोटांना जरूर लावून घ्या.

आज्ञा चुकली तर मजकुराच्या जागी एरर दिसेल. घाबरू नका, फाइल सेव्ह न करता 'यू' दाबा. मजकूर जसाच्या तसा परत येतो.